चुलीवर टांगलेली कणसं

सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात मला माझ्या नावानं ओळखणारे फार थोडे. मोहगावच्या बाजूच्या म्हाताऱ्या बायांसाठी मी ‘चूलवाले सर’ आहे. त्यांच्या मुलांसाठी ‘गोबरगॅसवाले सर’, आणि नातवांसाठी ‘सोलरवाले सर’. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. पण आमच्याकडे ज्याच्या खिशाला पेन असतो आणि जो मोटारसायकल उभी करून सरळ स्वयंपाकघरात शिरतो, तो एक तर सर असतो नाही तर साहेब, आणि साहेब म्हणवून घेण्याइतकं माझं पोट कधी सुटलं नाही.

मी सरकारी खात्यात अपारंपरिक ऊर्जेच्या कामावर सुपरवायझर होतो. राज्य हिंदी म्हणून कागद सगळे हिंदीत, मुलूख मराठी म्हणून बोलणं सगळं मराठीत, आणि काम एकच: लोकांच्या घरातला धूर घालवायचा. आधी मातीच्या निर्धूर चुली, मग गोबरगॅस, मग सौर दिवे, सौर पंप आणि शेवटी छतावरची सोलर पॅनलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला की ऊर्जा आणि प्रदूषण यावर अनुभवाचे चार शब्द लिहा. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की नोकरीला लागलो त्या दिवशी मला हे सगळं आजच्यापेक्षा जास्त कळत होतं. तेव्हा धूर म्हणजे वाईट आणि धूर नाही म्हणजे चांगलं, इतकं सोपं होतं. आता कोणी विचारलं तर मी आधी पाणी मागतो.

एक उदाहरण देतो, म्हणजे माझा गोंधळ कोणत्या जातीचा आहे ते कळेल. सौंसरजवळच्या एका शेतकऱ्याकडे मी गोबरगॅस बांधला होता. गोबरगॅस म्हणजे जमिनीत बांधलेली एक बंद टाकी. त्यात शेण आणि पाणी कालवून टाकायचं. आतले जंतू ते खातात, गॅस सोडतात, आणि तो नळीनं शेगडीपर्यंत येतो. थोडक्यात, टाकी म्हणजे गाईचंच आणखी एक पोट. जाताना मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, “दादा, शेणच पाहिजे असं नाही. सडणारं काहीही टाका.” त्या वर्षी संत्र्याची खूप गळ झाली. झाडाखाली सडा पडला. या गृहस्थानं रोज दोन टोपल्या सडकी संत्री टाकीत लोटली. पंधरा दिवसांनी निरोप आला, गॅस बंद. गेलो, झाकण काढलं, तर आतून संत्र्याच्या गोळ्यांचा सुगंध. आंबट रस आणि सालीतलं तेल यांनी जंतू मेले होते. मीही हे कुठं शिकलो नव्हतो.

“सर, तुमीच तं म्हनलं होतं, सडनारं काहीबी टाका,” तो म्हणाला.

“हो, पण संत्री नाही.”

“मंग सौंसरात दुसरं काय सडते?”

टाकी रिकामी करायला दोघांना तीन दिवस लागले. मी स्वतः बादलीला हात लावला नाही, ही लाज अजून आहे. टाकी उघडी ठेवून, हवा खेळवून, वरून बादल्यांनी उपसायला लावली, आणि मी काठावर उभा राहून सूचना देत होतो. पुढं शेणाचा नवा काला घातला आणि गॅस आला. मात्र त्याच्या घरी चहाला अजूनही संत्र्याचा वास येतो, असं त्याची बायको सांगते. तिचा स्वभाव चिडवायचा आहे.

सौर पंपाचंही तसंच. एका बाईंच्या शेतावर पंप भर दुपारी दम टाकायचा. कंपनीचा माणूस दोनदा येऊन मीटर लावून गेला. मी गेलो तर पॅनलवर जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या. मी कपाळाला हात लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, “उन्हाचीच वस्तू हाये ना सर? उन्हाचंच काम करून राहिली.” त्यांचं काय चुकलं हे मला पॅनल उतरवून, खडूनं आकृती काढून समजवावं लागलं. शेवटी त्यांनी अर्ध्या पॅनलवरच्या कुरडया काढल्या, आणि अर्ध्यावरच्या दुसऱ्या दिवशी काढू म्हणाल्या.

हे हसण्याचं झालं. न हसण्याचं असं की एका योजनेत आम्ही गावोगाव सौर दिवे उभे केले. दिवसा पॅनलनं बॅटरी भरायची आणि अंधार पडल्यावर दिवा लागायचा. दोन-तीन वर्षांत बॅटऱ्या मेल्या. मेलेल्या बॅटरीचं काय करायचं, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. भंगारवाल्यानं त्या गोळा केल्या, आतलं शिसं काढायला नाल्याकाठी फोडल्या आणि तेजाब, म्हणजे आतलं अ‍ॅसिड, नाल्यात ओतलं. पुढं त्या पाण्यावर एक म्हैस मेली. गावकरी म्हणाले, म्हैस म्हातारी होती. असेलही. पण तो नाला मी पाहिला, काठचं गवत पिवळं पडलेलं पाहिलं, आणि त्या दिवसापासून मी बॅटरी या वस्तूचा वैरी झालो. कोणी छतावर सोलर लावायचं म्हटलं की मी पहिलं वाक्य बोलायचो, “बॅटरी नको. तो विषाचा डबा आहे.” हे वाक्य पुढं माझ्याच बहिणीच्या घरात मला भेटणार होतं.

माझी थोरली बहीण वच्छला. तिला तिगावच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. कापूस, मका, थोडी संत्री, कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं घर. अंगणात उभं राहिलं की इटारसी-नागपूर लाईनवरच्या कोळशाच्या मालगाड्या दिसतात. वरून विजेची तार, तारेच्या जोरावर इंजिन, इंजिनामागं कोळसा, आणि तो कोळसा चालला आहे तारेतली वीज तयार करायला. मी कितीदा त्या अंगणात बसून हे कोडं सोडवायचा प्रयत्न केला. भाऊजी म्हणायचे, “गाडी गेली का? मंग जेवाले चाल.”

ताईला माझ्या नोकरीचा केवढा अभिमान. साहजिकच माझी पहिली निर्धूर चूल मी तिच्याच घरी बांधली. या चुलीची युक्ती साधी असते. मातीचा साचा, दोन भांड्यांची दोन तोंडं, आणि मागून सिमेंटचा पाइप छतातून बाहेर. धूर घरात न फिरता पाइपानं वर जातो. पहिल्या दिवशी ताईनं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या पेटवल्या, भाकरी टाकली आणि डोळे पुसायला पदर उचलला, तर डोळ्यांत पाणीच नव्हतं. ती पदर हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, “बाळू, असं वाटते का स्वयंपाकच करून नाई राहिली.” नोकरीत मला दोन प्रमाणपत्रं मिळाली. या वाक्याची सर त्यांना नाही.

वर्ष गेलं आणि पेरणीच्या तोंडावर ताईचा निरोप आला की लगेच ये. गेलो. तिनं माझ्यासमोर मक्याची कणसं टाकली. दाण्यादाण्याला भोक, आणि हलवलं की पीठ सांडायचं. आमच्याकडे बियाण्याची कणसं साल उलटी करून, जुड्या बांधून चुलीच्या वर टांगतात. वर्षभर धूर खाऊन ती काळी होतात, पण आत दाणा राजासारखा राहतो, सोंडा, म्हणजे दाणे पोखरणारा किडा, शिवत नाही. माझ्या चुलीनं धूर नेला आणि सोंडे आणले. आणि हे साधं बियाणं नव्हतं. आमच्या आईचा पांढरा मका होता तो. ताईच्या लग्नात आईनं लुगड्याच्या पदरात बांधून दिलेला, आणि तेव्हापासून दरवर्षी पेरून राखलेला. नशिबानं शेजारणीकडे एक जुडी दिलेली होती, ती परत आणून ताईनं वाण वाचवला.

“तुह्या चुलीनं आईचं बियाणं खाल्लं,” ती म्हणाली. रागानं नाही. जसं झालं तसं सांगितलं.

मी तिला औषधाची पुडी, पत्र्याची कोठी, कडुनिंबाचा पाला असे तीन उपाय सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि जुनी उघडी चूल पुन्हा मांडली. स्वयंपाक माझ्या चुलीवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी जुन्या चुलीवर, आणि तिच्या वर कणसं. गावातल्या बाकी बायांनीही हेच केलं. काहींनी तर माझ्या पाइपाला मधेच भोक पाडलं, म्हणजे कवेलूखालच्या बांबूंनाही धूर मिळावा. नाही तर बांबू भुंगे पोखरतात. मी हे सगळं पाहत होतो. माझ्या फॉर्मवर मात्र ‘धूर कितपत कमी झाला’ असा रकाना नव्हता. ‘चूल बसवली का’ असा होता. बसवली होती.

मग ते गाव धूरमुक्त ठरवायचं असं वरून आलं. छिंदवाड्याहून अधिकारी तपासणीला येणार. मी आदल्या आठवड्यात घरोघर सांगत फिरलो की दोन दिवस जुन्या चुली दिसू देऊ नका. हे मी सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही. बाकीच्यांनी चुलीवर पाट्या-टोपल्या झाकल्या. ताईला एवढ्यानं समाधान नव्हतं. भावाच्या नोकरीचा प्रश्न होता. तिनं जुनी चूल उचलून घरामागच्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुश्याच्या खोलीत नेली. चारी बाजूंनी भिंती, एक बुटकं दार आणि हातभर खिडकी. कणसंही तिथंच टांगली. मला दाखवून म्हणाली, “आता पाहू दे कोनाले पाहाचं असन तं.”

अधिकारी आले, चहा प्यायले, खूश झाले. गावाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी लागली. पेंटर आला नाही म्हणून माझं अक्षर बरं म्हणून ती मीच रंगवली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: धुआँरहित ग्राम आपका स्वागत करता है. तपासणी पुढंही दर वर्षी व्हायची, त्यामुळे कुटाराच्या खोलीतली चूल बाहेर आलीच नाही. मी मग दुसऱ्या योजनांवर गेलो. पुढं सिलिंडर आले, ताईच्या ओट्यावर शेगडी आली. मी भाऊबीजेला जायचो, ओसरीत बसायचो, गॅसवरचा चहा प्यायचो. माझ्या मनात तो विषय संपला होता.

ताईचा खोकला सुरू झाला तो आधी थंडीत यायचा, मग बाराही महिने राहिला. भाऊजी गेले त्या वर्षी तिला जिना चढवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, “बाई, किती वर्षं बिडी ओढता?” ताई एवढी दुखावली की परतीच्या बसमध्ये सौंसर येईपर्यंत बोलली नाही. सौंसरला म्हणाली, “मी कधी सुपारीबी नाई खाल्ली, बाळू.” मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे चुलीचं आहे, आमच्याकडे अशा बायका रोज येतात.

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. मशीन आपल्याच खोलीतली हवा ओढून घेतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि लांब नळीनं नाकाशी देतं. दिवसातले बरेच तास ते लागायचं. त्याला सतत लाईन पाहिजे, आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात. माझ्यातला सोलरवाला जागा झाला. वाटलं, जे माझ्यामुळे गेलं ते थोडं परत देता येईल. ताईचा मुलगा दिलीप याच्याबरोबर मी स्वतः उभा राहून, कवेलू जाऊन आता पत्रे आलेल्या छतावर पॅनलं बसवली. दिलीपनं विचारलं, “मामा, बॅटरी पायजे का?” मी माझं वाक्य बोललो. विषाचा डबा. ताईला सांगितलं, “ताई, आता तुझा श्वास उन्हावर चालणार. कोळसा नाही, धूर नाही.” ती म्हणाली, “चांगलं झालं बाप्पा.”

मे महिना. मी मुद्दाम गेलो होतो, कारण उन्हाळ्यात पॅनलवर धूळ बसते आणि वीज कमी होते. दुपारी बारा-साडेबाराची वेळ. मी छतावर बादली आणि फडकं घेऊन एकेक पॅनल पुसत होतो. असं लख्ख ऊन की पत्र्यावर पाय टेकवत नव्हता. तेवढ्यात खालून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. मशीनला लाईन मिळेनाशी झाली की ते असं ओरडतं.

मी खाली आलो. ताई खाटेवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. खांदे वरखाली होत होते. दिलीपची बायको मंगला तिची पाठ चोळत होती. दिलीप लाईनमनशी फोनवर बोलत होता. मेंटेनन्ससाठी लाईन बंद केली होती, माणूस खांबावर चढलेला होता, दोन तास लागतील म्हणाला. अडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर सकाळीच भरायला पांढुर्ण्याला पाठवला होता. अँब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली.

“मामा, सोलर हाये ना आपलं? मंग बंद कसं पडलं?”

हा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारला आहे आणि मी शेकडो वेळा छान समजावून सांगितलं आहे. बॅटरी नसलेलं सोलर लाईनशी बांधलेलं असतं. लाईन असली तरच ते चालतं. लाईन गेली की ते आपणहून बंद पडतं, कारण खांबावर माणूस असतो. छतावरची वीज उलट तारेत गेली तर तो जागीच जायचा. हा दोष नाही, सोय आहे. मी हे दिलीपला सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याच कानाला ते इतकं मूर्खपणाचं वाटलं की मी नुसता टेस्टर उचलला. मी इन्व्हर्टरसमोर टेस्टर घेऊन उभा होतो. त्याचा तांबडा दिवा लागला होता. जे व्हायला पाहिजे तेच झालं होतं. मला काही सुचत नव्हतं, हे मी इथं स्पष्ट लिहितो. तीस वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट आठवेना.

ताईनं मान वर केली. एकेक शब्द तोडून म्हणाली, “बाळू... सूर्य तं... वरच हाये.”

मंगलाला सुचलं. ती दिलीपला म्हणाली, “गजाननभाऊचं जनरेटर आना ना.” गजानन म्हणजे गावातला मंडपवाला. लग्नाच्या वरातीपुढं त्याचं डिझेलचं जनरेटर हातगाडीवर चालतं. दिलीप धावला. गजानन जेवणावरून उठून आला, हात न धुता. हातगाडी अंगणात आली, गजाननानं हँडल मारलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ते यंत्र खोकल्यासारखं करून सुरू झालं. काळा धूर थेट ओसरीत आला. आम्ही तिघांनी गाडी फिरवून त्याचं तोंड रस्त्याकडे केलं. वायर ओढली, मशीन लावलं. शिट्टी थांबली. मशीनचा घरघर आवाज सुरू झाला.

दोन तास ते जनरेटर अंगणात धूर ओकत होतं. वर माझी पुसून लख्ख केलेली पॅनलं ऊन खात पडली होती. धुरानं जिची छाती गेली तिला धुराचंच यंत्र श्वास देत होतं. मागून मालगाडी गेली, कोळशाची. गजानन जनरेटरजवळ स्टुलावर बसून मला म्हणाला, “सर, तुमी तं धुराच्या खिलाफ हायेत ना?” तो चिडवत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, “हो, आहे.” आणि त्याला आणखी डिझेल आहे का ते विचारलं.

पुढच्याच आठवड्यात मी बॅटरी घेतली. आता शिशाची नसलेली, नव्या जातीचीही मिळते. तीही एक दिवस मरेल आणि तिचं काय करायचं हे मला आजही माहीत नाही. मी ती बसवली. नवा इन्व्हर्टर लावला, लाईन मुद्दाम बंद करून पाहिली, मशीन चालूच राहिलं. ताईसमोर खाटेजवळ बसून मी व्होल्टेज पाहत होतो. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. लांबलेली, आतून ओढून आणणारी. मी तो खोकला ओळखत होतो. पटकन ताईकडे पाहिलं. ताईचं तोंड मिटलेलं होतं. तिच्या नाकाला नळी होती आणि ती माझ्याकडेच पाहत होती.

खोकला घराच्या मागून येत होता.

मी मागं गेलो. कुटाराच्या खोलीचं बुटकं दार लोटलं. आत आधी काही दिसलं नाही, डोळे चुरचुरले. मग चूल दिसली, पऱ्हाट्यांचा जाळ दिसला, आणि तव्यासमोर मंगला. वर आईच्या मक्याच्या जुड्या, काळ्याभोर. गॅसवर चहा आणि भाजी, भाकरी मात्र इथं. ताई बसून उठून थकली आणि सून तिच्या जागी बसली, यात कोणाला वेगळं काही वाटलं नव्हतं. खिडकी कुठं गेली म्हणून पाहिलं तर तिच्यावर पत्रा ठोकलेला होता. मी बाहेरून वळसा घालून गेलो. निळा पत्रा. वारावादळात पाटी पडली होती, तेव्हा मेहुण्याच्या हातचं अक्षर म्हणून भाऊजींनी ती घरी आणली आणि मांजर येऊ नये म्हणून खिडकीला ठोकली होती. धुआँरहित ग्राम. अक्षर अजून छान होतं.

मी पकडीनं खिळे काढले. पत्रा निघाला तसा धूर त्या हातभर भोकातून बाहेर यायला लागला आणि थांबेचना. आतल्या बाजूनं पत्र्यावर बोटभर काजळी होती. मंगला खिडकीशी आली. डोळे पुसत म्हणाली, “मामाजी, आईले सांगू नका.” ताईला ती आईच म्हणते.

“काय सांगू नको?”

“मले बी दम लागते. पायऱ्या चढताना.”

लग्न होऊन बारा वर्षं झाली होती तिला. मी पत्रा हातात धरून उभा होतो. लपवून ठेवा असं या घरात पहिल्यांदा मी सांगितलं होतं. आता तेच मला कोणी सांगत होतं. मी आत गेलो आणि ताईला सांगितलं. सगळंच सांगितलं. डॉक्टरांनी बाजूला घेऊन काय म्हटलं होतं तेही, जे इतकी वर्षं तिला सांगितलं नव्हतं.

ताई उठली. भिंतीला धरून मागच्या दारापर्यंत आली. नळी तिथपर्यंतच पुरत होती. दारात उभं राहून तिनं कुटाराच्या खोलीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “पावडं आन. फोड.”

“ताई, कणसं?”

“तू घेऊन जाय घरी.”

मी चूल फोडली. मातीची चूल फुटायला काही वेळ लागत नाही, दोन घाव पुरतात. मंगला तव्यावरची अर्धकच्ची भाकरी हातात घेऊन उभी होती. तिनं ती गॅसवर भाजली.

कणसं आता सौंसरला माझ्या घरी आहेत. औषधाची पुडी टाकली, कडुनिंबाचा पाला घातला, पत्र्याच्या डब्यात ठेवली, पुन्हा काढून उन्हात टांगली. माझ्या घरात धूर नाही. पूर्वी मी लोकांना जे तीन उपाय सांगायचो ते सगळे आता स्वतः करून पाहतो आहे. रोज सकाळी चष्मा लावून एकेक जुडी तपासतो. गेल्या आठवड्यात एका कणसाखाली फरशीवर थोडं पीठ सांडलेलं दिसलं. दुसऱ्यातही भोकं होती. वाटलं, ताईला आत्ता कशाला सांगायचं, पेरणीपर्यंत बघू. मग फोन लावलाच.

“ताई, सोंडे लागले.”

फोनमध्ये मशीनची घरघर येत होती, आणि मागं कुठंतरी मंगला कोणाला तरी जेवायला बोलावत होती.

“लागू दे,” ताई म्हणाली.